सायकल सोडू नका, कपडे बदला

मागच्या आठवड्यात सायकलिंग करणारी एक कॉलेजकन्या आईसोबत दवाखान्यात आली. जांघा घासून लाल झाल्या होत्या. आई म्हणाली, “डॉक्टर, पायही रापले. आता सायकल पुरे!”

माझे मत उलट आहे. दोष सायकलचा नाही, कपड्यांचा आहे. सुती चड्डी घाम धरून ठेवते, शिवण घासते आणि कातडी सोलवटते. स्त्रियांची बैठकीची हाडे सहसा पुरुषांपेक्षा अधिक अंतरावर असतात. म्हणून मागे रुंद गादी असलेली, मधोमध जाड शिवण नसलेली, अंगाबरोबर पण न काचणारी सायकलिंग शॉर्ट घ्यावी. आत निकर घालू नये. घरी येताच ती बदलून धुवावी. गळू झाल्यास मात्र डॉक्टरांना दाखवावे.

राहिला रापण्याचा प्रश्न. आखूड शॉर्टमुळे मांडीवर काळा-गोरा पट्टा उमटतो. गुडघ्याखाली पोचणारी घेतली तर मांडी झाकलेली राहते. ऊन चढण्यापूर्वी फिरून यावे, उघड्या भागाला सनस्क्रीन लावावे. एवढे करूनही पाय थोडे रापले, तर रापू द्यावेत. तो रंग हळूहळू फिका पडतो. सुटलेली व्यायामाची सवय मात्र सहज परत लागत नाही.