शिकेकाईची बेअब्रू

शत्रूने केलेली निंदा एक वेळ पचवता येते. भाटांनी केलेली स्तुती मात्र माणसाला कायमचे बदनाम करून जाते. आपल्या शिकेकाईचे हल्ली नेमके तसेच झाले आहे. साबणाने तिला मागासलेली ठरवले, ती टिकली. शाम्पूने तिला न्हाणीघरातून हाकलले, तरी ती फडताळातल्या पत्र्याच्या डब्यात दिवस काढीत राहिली. पण आता तिचे भाट जन्माला आले आहेत. दिवाळी जवळ आली की हिरव्या पानांची चित्रे छापलेल्या बाटल्या घेऊन हे भाट दारोदार उभे राहतात आणि गर्जून सांगतात, शिकेकाई, रिठा, आवळा, माका, ब्राह्मी, जास्वंद यांच्या योगाने गळते केस थांबतील, पिकलेले काळे होतील आणि टकलावर रान माजेल! या स्तुतीविरुद्ध मला फिर्याद गुदरायची आहे. आणि ती शिकेकाईच्या वतीने.

आधी फिर्यादीची ओळख करून देतो. शिकेकाई ही सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या रानांत झाडाझाडांवर चढत जाणारी काटेरी वेल. तिच्या नावातले 'काई' दक्षिणेकडचे आहे. तमिळ-कानडीत त्याचा अर्थ फळ किंवा शेंग. तिच्या वाळलेल्या शेंगांत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात मिसळले की फेस येतो आणि तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. रिठ्याचाही गुण हाच. म्हणून तर सोनार दागिने उजळायला रिठा घेत आणि घरोघरच्या बायका रेशमी लुगडी त्याच पाण्यात काढीत. साबण अल्कधर्मी, तर शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी. आणि आपल्या टाळूच्या त्वचेची प्रकृतीही किंचित आम्लधर्मीच. विहिरीच्या जड पाण्यात साबण घातला की त्याचा पांढरा चिकट साका केसांत बसतो. शिकेकाई तसे करीत नाही. आपल्या पणज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण साबणाने केस राठ होतात आणि शिकेकाईने मऊ राहतात, हे त्यांच्या बोटांना कळत होते. बोटांचे हे ज्ञान खरे आहे. त्याला माझा नमस्कार आहे.

पण त्या ज्ञानाला कष्टांची जोड होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. शेंगा उन्हात खडखडीत वाळवायच्या, त्यांत आवळकाठी, थोडा रिठा, मेथी, नागरमोथा, कपूरकाचरी घालायची, आणि मग दळण. शिकेकाई दळताना जो ठसका लागतो आणि ज्या शिंका येतात, त्या ज्याने अनुभवल्या आहेत त्यालाच ठाऊक. मग ती भिजवायची, उकळायची, गाळायची. डोळ्यांत गेली की डोळे लाल. कंबरेपर्यंतचे केस धुऊन वाळेपर्यंत दुपार व्हायची. हे सारे कोण करी? घरातली बाई. आणि आज 'आमच्या आजीच्या वेळी कसे सगळे शुद्ध होते' असे उसासे टाकतो तो कोण? बहुतेक वेळा, ज्याने आयुष्यात कधी शिकेकाईचे पातेले चुलीवर चढवले नाही असा गृहस्थ! १९८० च्या दशकात शाम्पूची स्वस्त पुडी खेडोपाडी पोहोचली आणि बायकांनी ती हसतमुखाने घेतली, यात संस्कृती बुडाली असे मला वाटत नाही. त्यांची दुपार वाचली.

आता बाटलीकडे येऊ. शाम्पू हा शब्द मुळात आपल्याकडचाच. चांपणे, चंपी यांचा तो सख्खा भाऊ. पाटण्याच्या शेख दीन मुहंमदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढून तो तिकडे रुजवला. आपण शब्द दिला आणि बाटली विकत घेतली. एवढ्यावर भागले असते तर हसून सोडून देता आले असते. पण आता त्याच बाटलीवर शिकेकाईचे चित्र चिकटवून ती आपल्याला पुन्हा विकली जाते. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचा. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत, असा नियम आहे. अनेक बाटल्यांवर पहिले नाव असते पाण्याचे, त्यापाठोपाठ सोडियम लॉरेथ सल्फेटसारख्या फेसकाचे. आणि जिचे चित्र दर्शनी भागावर हातभर असते ती शिकेकाई कुठे, तर शेवटच्या बाकावर! फेसक वाईट आहे असे मी म्हणत नाही. केस तोही धुतो, आणि चांगले धुतो. पण काम त्याने करायचे आणि नाव शिकेकाईचे लावायचे, ही कुठली रीत?

तरीही ही फसवणूक किरकोळ आहे. खरी बेअब्रू पुढे आहे, ती केस उगवण्याच्या वचनात. केसाचा जो भाग आपण विंचरतो तो निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ, आणि त्याला पोसते रक्त. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा निसर्गाचा नेहमीचा हिशेब आहे. खोबरेल तेल केसाच्या आत काही प्रमाणात शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे प्रयोगशाळेत दिसून आलेले आहे. म्हणजे तेल आहे त्या केसाला जपते. नव्या केसाला जन्म देत नाही. कोंडा झाला असेल तर तेल थापणे उलट अंगाशी येते, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते. माक्याचे काही प्रयोग उंदरांवर झालेले आहेत, हे खरे. पण उंदराच्या पाठीपासून माणसाच्या टाळूपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे. ज्या मिनॉक्सिडिलला अमेरिकेत १९८८ मध्ये टक्कलावर मान्यता मिळाली, तेसुद्धा लावायचे थांबवले की मिळवलेले केस परत जातात. आपल्या जुन्या वैद्यांनीही खालित्य, पालित्य, इंद्रलुप्त असे निरनिराळे विकार मानले होते. सगळ्यांना एकच बाटली दाखवली नव्हती. आणि आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो? १९४५ च्या औषध नियमांच्या 'जे' परिशिष्टात, जे विकार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांची यादी आहे. तीत टक्कल आहे, केसांचा रंग बदलणे आहे आणि नवे केस उगवणेही आहे. औषधाने जे बोलू नये, ते तेलाच्या जाहिरातीने गाऊन सांगावे काय?

कोणी म्हणेल, 'अहो, तेलाने केस उगवले नाहीत तर नाहीत, बिघडले काय? चार पैसेच गेले ना?' इथेच माझा राग आहे. केवळ पैसे जात नाहीत. वेळ जातो आणि रोग आत राहतो. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, किंवा विषमज्वरासारख्या मोठ्या तापानंतर, मूठमूठ केस गळतात आणि बहुधा आपोआप परतही येतात. त्याचे श्रेय मात्र बाटली लाटते. गलग्रंथी बिघडली तर केस गळतात. अंगातले लोह घटले तरी गळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. सर्वांच्या शेवटी जेवणारी, भाजी संपली म्हणून आमटीवर भागवणारी बाई आरशासमोर उभी राहून हातातला केसांचा गुंता पाहते, आणि घरातला कर्ता पुरुष मोठ्या प्रेमाने तिला माक्याचे तेल आणून देतो. रक्ताची तपासणी करून आणत नाही! केस डोक्यावर दिसतात, पण त्यांची मुळे ताटात असतात.

हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले. काही दिवसांत डोकी उघडी पडली. मुली शाळा-कॉलेजात जायला लाजू लागल्या. संशय आधी पाण्यावर गेला, बुरशीवर गेला. विंचूदंशावरील संशोधनाने ख्यातनाम झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन तपास केला आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण अतोनात आढळल्याचे फेब्रुवारीत जाहीर केले. पुढे त्याच भागात लोकांची नखे गळू लागल्याच्याही बातम्या आल्या. आता सांगा, त्या गावकऱ्यांच्या टाळूवर कोणी जास्वंदीचे तेल चोळत बसला असता, तर त्याला धर्मात्मा म्हणायचे की आणखी काही? केस ही शरीराने बाहेर टांगलेली सूचना आहे. सूचनेच्या फळ्यावर तेल ओतून मजकूर बदलत नाही.

भाटांचा दुसरा मंत्र असा, की जे नैसर्गिक ते निरुपद्रवी. धोतराही नैसर्गिकच आहे! मेंदीच्या पानाचा रंग तांबूस येतो. काळा कधीच येत नाही. तरीही 'काळी मेंदी' म्हणून जी पाकिटे विकली जातात त्यांपैकी अनेकांत पॅराफेनिलिनडायामिन हे कृत्रिम रंगद्रव्य असते आणि त्याने टाळू, कपाळ, पापण्या सुजलेल्या माणसांची त्वचारोगतज्ज्ञांकडे कायम ये-जा असते. बरे, हे तर भेसळीचे झाले. निखळ घरगुती उपाय घ्या. वर्गातल्या एका मुलीच्या डोक्यात उवा झाल्या की आठवड्यात बाक भरतो, हे मी शिक्षक या नात्याने जाणतो. आणि त्यावर सीताफळाच्या बियांची पूड लावण्याचा उपाय आजही सांगितला जातो. ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. मग उवा परवडल्या, असे म्हणण्याची पाळी येते.

आणि तिसरा, सर्वांत भारदस्त मंत्र: 'ही आपली परंपरा आहे.' असेल, पण परंपरा म्हणजे पुरावा नव्हे. केसांच्याच बाबतीत बोलायचे तर ज्या परंपरेने सवाष्णीच्या केसांना शिकेकाई दिली, तिनेच विधवेच्या केसांना वस्तरा दिला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी एकत्र येऊन 'आम्ही हे काम करणार नाही' असे ठरवले, तेव्हा परंपरा त्यांच्या बाजूने नव्हती, माणुसकी होती. म्हणून परंपरेचा डबा उघडावा, प्रत्येक जिन्नस उन्हात पसरावा, हाताने निवडावा. शिकेकाई ठेवावी, वस्तरा टाकावा. आंधळेपणाने सगळा डबा पूजणारा आणि आंधळेपणाने सगळा डबा फेकणारा, दोघेही निवडण्याचे कष्ट टाळतात.

तेव्हा वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे जरूर लावा. सवड असेल तर शिकेकाईचे पातेले जरूर चढवा. आणि यंदा ते पुरुषांनी चढवावे, म्हणजे आजीच्या काळाविषयीचे उसासे थोडे कमी होतील. सवड नसेल तर साध्या शाम्पूने केस धुवा, त्यात पाप नाही. पण घरातल्या कोणाचे केस वाजवीपेक्षा जास्त गळत असतील, तर बाटलीच्या दुकानाआधी दवाखान्याची पायरी चढा, आणि फराळाच्या ताटाभोवती त्या माउलीला सर्वांबरोबर बसवा. शिकेकाईने आपल्याला स्वच्छता दिली, मऊपणा दिला, रानाचा वास दिला. तिचे हे देणे पुरेसे आहे. तिच्या तोंडी खोटे घालून तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नका.