कारण न सांगण्याचा अधिकार

न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, वॉल स्ट्रीटच्या परिसरात, लिबर्टी टॉवर नावाची 33 मजली इमारत आहे. हेन्री आयव्ह्ज कॉब या वास्तुविशारदाने ती कचेऱ्यांसाठी बांधली. 1910 मध्ये ती पूर्ण झाली. पांढऱ्या टेराकोटाने मढवलेली, गॉथिक धाटणीची ही इमारत पुढे सिंक्लेअर या तेल कंपनीकडे गेली. 1979 च्या सुमारास तिथल्या कचेऱ्या हटवून घरे केली गेली आणि ती को-ऑप, म्हणजे सहकारी तत्त्वावर चालू लागली. 1982 मध्ये शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

अशा घरांची वर्णने वाचायला गोड असतात. उंच छत, मोठ्या खिडक्या, जुन्या नक्षीची लॉबी. जुन्या कचेऱ्यांची घरे करण्याला माझा विरोध नाही, उलट ते शहाणपणाचेच आहे. वातानुकूलन नव्हते त्या काळात टेबल खिडकीजवळ लागायचे, म्हणून मजले अरुंद ठेवले जायचे आणि उजेड आतपर्यंत यायचा. आजच्या काचेच्या रुंद टॉवरचे असे घर करणे कितीतरी अवघड आहे. माझा प्रश्न दारावरचा आहे. आत कोणाला घ्यायचे, हे कोण ठरवते?

न्यूयॉर्कच्या को-ऑपमध्ये तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. तुम्ही त्या कंपनीचे शेअर घेता आणि त्याबरोबर तुम्हाला राहण्याचा भाडेपट्टा मिळतो. पण त्याआधी संचालक मंडळासमोर आयकराची विवरणपत्रे, बँकेचे हिशेब, ओळखीच्यांची शिफारसपत्रे ठेवावी लागतात. मग मुलाखत. आणि मग मंडळ 'नाही' म्हणू शकते. का नाही, हे सांगायला ते सहसा बांधील नसते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व अशा कारणांवरून नाकारायला कायद्याने बंदी आहे, हे खरे. 1968 चा फेअर हाउसिंग ॲक्ट आहेच. पण ज्याने कारणच सांगितले नाही, त्याचे कारण बेकायदा होते हे सिद्ध कसे करणार?

यावर तिथले लोक हसत एक किस्सा सांगतात. 1979 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनाही मॅनहॅटनमधल्या एका को-ऑपच्या रहिवाशांनी विरोध केला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. म्हणजे बघा, नियम सगळ्यांना सारखा! हा युक्तिवाद मला लबाडीचा वाटतो. निक्सन यांनी दुसरीकडे अख्खे घर विकत घेतले. शिवाय आपल्याला का नको म्हणतात हे त्यांना आणि साऱ्या देशाला ठाऊक होते. नकार मिळालेल्या कृष्णवर्णीय शिक्षिकेला मात्र आयुष्यभर अंदाजच बांधत बसावे लागते. आपल्या पगारामुळे? आडनावामुळे? की रंगामुळे?

सहकार हा शब्द मुळात असा नव्हता. 1916 मध्ये ब्रुकलिनमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी नफा न कमावणारी सहकारी घरे बांधली. हार्लेममध्ये 1920 च्या दशकात कृष्णवर्णीयांसाठी डनबार अपार्टमेंट्स ही सहकारी वसाहत उभी राहिली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये ज्यांना पत्र लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस तिथे राहत असत. जगण्याचा खर्च परवडावा आणि घरमालकाची मर्जी सांभाळावी लागू नये, यासाठी तो सहकार होता. त्याच शब्दाची पाटी लावून निवडक लोकांचा क्लब चालवणे ही त्या शब्दाची चोरी आहे.

बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा लिबर्टी टॉवर उभा राहून तीन वर्षे झाली होती. त्या शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकताना, जातीचे ओझे उतरल्यासारखे झाल्याचे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. आणि 1917 मध्ये, एवढ्या पदव्या घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू होताना, त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. ते कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. काठी आणि सबब, दोन्हींचा परिणाम एकच.

(यावरून कोणी साऱ्या पारशी समाजाला नावे ठेवू नयेत. नवल भथेना हा बाबासाहेबांचा जिवाभावाचा मित्र पारशीच होता.)

आज काठी गेली, सबब राहिली. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य, हा त्यामागचा आधार. ज्यांच्याकडे जमीन आधीपासून आहे, त्यांनाच हे स्वातंत्र्य उपयोगी पडते. अल्पसंख्याकांची संस्कृती जपण्याचा मुद्दा मी समजू शकते. पण या आडोशाने 'फक्त शाकाहारी' सोसायट्या उद्या काय करतील?

कागदावर महाराष्ट्राचा कायदा न्यूयॉर्कपेक्षा चांगला आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निर्णय कारणांसह कळवावा लागतो. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून निवासी जागा घेण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. तरीही पुण्यात माझ्या ओळखीतल्या एका नर्सताईला चार ठिकाणी फोनवरच आडनाव विचारले गेले आणि चारही वेळा फ्लॅट 'आत्ताच गेला' होता. तिचा अर्ज सोसायटीच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नाही, मग कारण लेखी कुठून मिळणार? दलालाच्या तोंडी नकाराला कोणताच कायदा लागू होऊ नये, अशीच ही सोय आहे.

अमेरिकेतल्या आपल्या बांधवांपुढे वेगळी लढाई आहे. फेअर हाउसिंग ॲक्टच्या यादीत जात हा शब्दच नाही. 2023 मध्ये सिएटलने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकावर मात्र गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. जात हा शब्द कायद्यात आणण्याची मागणी करताना को-ऑपच्या प्रत्येक नकाराचे लेखी कारण द्या, ही मागणीही जोडायला हवी. उद्या त्या संचालक मंडळांवर आपल्याकडचे सवर्ण बसतील, तेव्हा मुलाखतीत आडनाव कसे वाचायचे हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही.

इथे घर शोधणाऱ्यांनी दलालाशी बोलणे फोनवर न ठेवता मेसेजवर आणावे. व्यवहार ठरला की सभासदत्वाचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नकार आलाच तर उपनिबंधकाकडे अपील करावे. आणि 'आडनाव काय?' असे विचारले की, 'हे कशासाठी हवे, ते लिहून पाठवा,' असे उत्तर द्यावे.