बाई चुकली की बटण?

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. खिशातली शंभराची कोरी नोट काढा, डोळे मिटा आणि तिच्यावरून बोट फिरवा. एक उठावदार त्रिकोण लागेल, कडेला चार तिरक्या रेघा लागतील. पाचशेच्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा. या खुणा झिजतात, नव्या नोटांचा आकार घटला म्हणून अंध बांधवांना उच्च न्यायालयात जावे लागले, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही ही नोट ज्याला दिसत नाही त्याच्याही हातात पडणार आहे, एवढे ती घडवणाऱ्याच्या ध्यानात होते. त्याच नाशिकची बाई ज्या पोर्टलवर आपले हक्काचे पैसे राखायला जाते, ते घडवताना हे भान कोणत्या दालनात झोपले होते?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आठवा. १८ सप्टेंबर २०२५ ला फर्मान सुटले: दोन महिन्यांत पडताळणी करा, नाहीतर महिन्याचे दीड हजार विसरा. आधी बाईच्या आधारवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. नवरा वारला असेल तर? वडील हयात नसतील तर? घटस्फोट झाला असेल तर? अशा बायकांची सोयच नव्हती. मेलेल्या माणसाच्या मोबाइलवर ओटीपी धाडणाऱ्या या कारभाराला आम्ही काय म्हणावे! विधवांची आठवण व्हायला नोव्हेंबर उजाडला आणि वाट निघाली ती कोणती? मृत्यूचा दाखला घेऊन अंगणवाडी सेविकेकडे जा. डिजिटल महाराष्ट्र अखेर अंगणवाडीताईंच्याच पिशवीत जाऊन बसला.

याहून मासलेवाईक प्रकार पुढेच आहे. त्याच ई-केवायसीत, घरातले कोणी सरकारी नोकरीत कार्यरत ‘नाहीत’, असे नकाराचे लांबलचक वाक्य आणि त्याला उत्तर ‘होय’ की ‘नाही’. घरात कोणीच नोकरीला नाही, म्हणून बाईने सरळ मनाने ‘नाही’ दाबले. झाले! पोर्टलच्या लेखी ती सरकारी नोकरदाराच्या घरची ठरली. जे वाक्य वकिलाला दोनदा वाचावे लागेल, ते दिवसभर द्राक्षबागेत राबून आलेल्या बाईपुढे टाकायचे आणि वर म्हणायचे की बहिणींनी चुकीचा पर्याय निवडला! बहिणींनी? चुकीचे वाक्य लिहिले कोणी? ते तपासले कोणी? त्यावर मंजुरीची सही ठोकली कोणी?

ही झाली डोळसांची गत. सातपूरला अंधांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’ संस्थेचे महाराष्ट्र युनिट आहे. मंत्रालयातून एकदा तिथे या आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर ऐकून, मोबाइल चालवणाऱ्या एखाद्या मुलाशेजारी दहा मिनिटे बसा. नीट न बांधलेल्या पानावर त्याचा फोन नुसता ‘बटण, बटण, बटण’ असा घोष करतो, कारण बटणाला नाव द्यायची तसदी कोणी घेतलेली नसते. स्कॅन करून चढवलेले परिपत्रक तुम्हाला अक्षरांनी भरलेले दिसते, त्याला ते कोरे असते. शेवटी येतो चित्रातला कॅप्चा: तुम्ही माणूस आहात हे डोळ्यांनी सिद्ध करा! म्हणजे ज्याला दिसत नाही तो माणूस नव्हे?

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असे कोणी समजू नये. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, सेवा सुगम करायला त्याने दिलेली मुदत दोन वर्षांची. सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राचे कान उपटले आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितले. ॲसिडने चेहरा जळालेल्या बाईला कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखव म्हणणाऱ्या ई-केवायसीचे प्रकरणही तिथवर गेले. डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला बजावले. आणखी कोणी सांगायचे राहिले आहे?

खासगी दुकानदार तर याच विद्येतले पंडित! वर्गणी भरायला एक बटण, बंद करायला सात पाने. केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा चलाख्यांची यादी करून त्यांना मनाई केली. पण जिथे सरकारी पोर्टलच नकाराला ‘होय’ म्हणायला लावते, तिथे दुकानदाराला कोणत्या तोंडाने दटावावे?

‘अडले तर सेतू केंद्रात जा,’ हे यावरचे ठरलेले उत्तर. का जावे? रोज बुडवून, भाडे भरून, आपला ओटीपी परक्याच्या कानात सांगायला? लोकसेवा हक्क कायद्यात, २०१५ पासून, सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजारांचा दंड आहे. मग पोर्टलने अडवले तर दंड कोणाला? अडलेले पोर्टल म्हणजे बंद खिडकीच. फरक इतकाच की खिडकीमागे निदान एक तोंड असे, त्याला जाब विचारता येई.

२०२७ ला सिंहस्थ आहे. वाहनतळापासून गर्दीच्या इशाऱ्यापर्यंत सारे मोबाइलवर आणण्याच्या घोषणा चालल्या आहेत. गोदाकाठच्या गर्दीत इशारा वाचता आला नाही, तर ते दीड हजारांवर भागणार नाही. म्हणून आमची मागणी रोकडी आहे. कोणतेही पोर्टल खुले करण्याआधी एक अंध विद्यार्थी, एक विधवा आणि जुना फोन वापरणारा एक शेतकरी यांना त्यापुढे बसवा. कोणाचीही मदत न घेता तिघांचे काम तडीस गेले, तरच ठेकेदाराचे बिल काढा.

ते बिल ज्या नोटांत मोजाल, त्या नोटा नाशिकच्या अंधाला बोटांनी ओळखता येतात. ठेकेदाराने केलेले पान त्याला उघडत नसेल, तर पैसे कशाचे मोजता?