वन्संची वही

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला वन्संकडे चार दिवस राहिले. वन्संना लहानपणी पोलिओ झाला. बाहेर जाताना कुबड्या, घरात मात्र जमिनीवर बसून, हातांच्या जोरावर सरकत सारी कामे. खांदा फार दुखतो म्हणून त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "व्यायाम काय करता?" वन्सं म्हणाल्या, "काही नाही हो." झाले! "हालचाल वाढवा," हा सल्ला घेऊन आम्ही परत.

मला काही ते पटेना. पहाटेपासून मी त्यांना बघत होते ना!

साताऱ्याला परत आल्यावर शोधाशोध केली. अपंग व्यक्तींची हालचाल मोजायला खास प्रश्नावली आहे. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली, १३ प्रश्नांची. गेल्या ७ दिवसांत अमुक काम किती दिवस केले आणि त्या दिवशी साधारण किती तास, असे विचारायचे. मग त्या कामाला लागणाऱ्या शक्तीच्या ठरलेल्या आकड्याने तास गुणायचे. खेळ-व्यायाम तर आहेच, पण हलके घरकाम, जड घरकाम, दुसऱ्याची सेवाशुश्रूषा हेही त्यात आहे. घरकाम कुणीतरी हिशेबात धरले, हे वाचून मला तर बरेच वाटले.

पण अंगणातली हिरवळ कापण्याचा प्रश्न आम्हांला काय कामाचा? आणि जमिनीवरून सरकण्याचा प्रश्नच नाही. शक्तीचे आकडेही बहुतेक धडधाकट माणसांवरून घेतलेले. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या हातांना घड्याळ लागले. वन्संच्या हातांना कोण लावणार?

म्हणून वहीच आखली. काम, किती दिवस, किती वेळ, आणि माझा एक जादा रकाना: भार कशावर? दिवाळीचा आठवडा मुद्दाम धरला नाही. फराळाच्या धांदलीत कुणाचेही आकडे फुगतील. रोज रात्री फोनवर विचारायचे, कारण आठवड्याने विचारले की निम्मे विसरलेले असते. आणि "व्यायाम केलात का?" असे चुकूनही विचारायचे नाही. "उठल्यावर आधी कुठे गेलात? मग?" असे विचारत जायचे. भाकरी थापायला तासभर बसणे वेगळे आणि पिठाच्या डब्यापर्यंत चार खेपा सरकणे वेगळे. ते निरनिराळे लिहायचे.

आठवडा भरला तेव्हा शेवटच्या रकान्यात जिकडेतिकडे एकच शब्द: हात. ती वही एका फिजिओथेरपिस्ट बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "हे खांदे पायांचं काम करताहेत. आधी भार कमी करा, मग व्यायाम सांगते." सुताराकडून चाकांचा पाट करून घेतला. पाणी आता भाचा भरतो, कुरकुरत का होईना.

परवा रात्री वन्संचा फोन, "अगं, देवघरापर्यंत सरकते, तेही लिहायचं का?"

म्हटले, "लिहा ना वन्सं. दिवसातून दोनदा जाता तुम्ही."