सुई नाकारून व्यसन सुटत नाही

बेंगळुरूत एचआयव्हीचा विषय निघाला की चर्चा लैंगिक संबंधांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्याला कारण आहे. कर्नाटकातली साथ मुख्यतः त्याच वाटेने पसरली आणि 2003 पासून एचआयव्ही प्रतिबंधाच्या ‘आवाहन’ प्रकल्पाचा इथला भरही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर राहिला. नशेसाठी सुई टोचून घेणारे म्हणजे मणिपूर, नागालँड, फार तर पंजाब, असं आपण धरून चाललो. ते आता सोडायला हवं. मुद्दे असे.

1. नशा टोचायला हेरॉइनच लागतं असं नाही. टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातकुळीतलं वेदनाशामक औषध आहे. त्याच्या गोळ्या टोचून घेणारे रुग्ण बेंगळुरूतल्याच निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. गोळी कुटायची, चमच्यात पाण्यात कालवायची, कापसाच्या बोळ्यातून सिरिंजमध्ये ओढायची. गोळी बनवलेली असते पोटात जाण्यासाठी. तिच्यातला भुगा शिरेत गेला की शिरा बुजतात, गळवं होतात. त्यात चौघांत चमचा एक, पाणी एक आणि पुष्कळदा सुईही एकच. सिरिंजच्या तोंडाशी राहिलेलं थेंबभर रक्त एचआयव्हीला पुरतं. हेपटायटिस सी तर त्या पाण्यातून आणि बोळ्यातूनही जाऊ शकतो. दुकानातून आलेली गोळी म्हणून घरच्यांना बरेच दिवस संशयही येत नाही.

2. ‘आपल्याकडे अशी माणसं कितीशी?’ हा प्रश्न बैठकांत हमखास येतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत तो कोणी विचारला असता तर उत्तर ‘नगण्य’ असंच आलं असतं. तिथे वर्षाला पाचापेक्षा कमी नवे एचआयव्हीबाधित सापडत. 2014-15 मध्ये तिथल्या ऑस्टिन या चार-साडेचार हजार वस्तीच्या गावात आणि आसपास दोनशेहून अधिक जण बाधित निघाले. कारण काय, तर ऑक्सिमॉर्फोन या वेदनाशामकाच्या गोळ्या विरघळवून एकाच सुईने टोचणं. मणिपुरात 1990 च्या सुमारास टोचणाऱ्यांमधलं एचआयव्हीचं प्रमाण काही महिन्यांत निम्म्याच्या घरात पोचलं होतं. सुईची साथ सावकाश वर चढत नाही, ती एकदम उसळते. आज देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्के आहे. टोचणाऱ्यांमध्ये 2021 च्या पाहणीत ते 9 टक्के निघालं. आकडा लहान असतानाच काम स्वस्तात होतं.

3. औषधाचं दुकान. दंडावर व्रण असलेला पोरगा सिरिंज मागायला आला की दुकानदार ‘नाही’ म्हणतो. त्याची भीती मला समजते, पण परिणाम उलटा होतो. एडिंबरात 1980 च्या दशकात पोलिसांच्या धाकाने सिरिंज मिळेनाशा झाल्या, तेव्हा नशा थांबली नाही. एकेक सुई अनेकांत फिरली आणि टोचणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक बाधित झाले. दुकानदाराला सांगायचं ते इतकंच: गोळी चिठ्ठीशिवाय देऊ नका, सिरिंज मात्र द्या. आज नेमकं उलटं घडल्याचं ऐकू येतं.

4. पोलीस. खिशात सिरिंज सापडली म्हणजे पुरावा सापडला, ही ठाण्यातली समजूत. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केलेलं सुयांचं वाटप त्याच्या कलम 22 नुसार गुन्हा ठरत नाही. कलमाखालच्या उदाहरणांत वापरलेल्या सुईच्या बदल्यात स्वच्छ सुई देण्याचं उदाहरण चक्क छापलेलं आहे. खुद्द अमली पदार्थविरोधी कायद्यातही, आपणहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट देणारं कलम 64अ आहे. किती हवालदारांना हे कोणी सांगितलं असेल?

5. ‘सुया वाटल्या की व्यसन वाढेल.’ जगभरच्या तीसेक वर्षांच्या अनुभवातून हे सिद्ध झालेलं नाही. उलट, जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 साठीचं वाटपाचं उद्दिष्ट माणशी वर्षाला 200 सुया-सिरिंज हे होतं. बागेत सुया पडतील म्हणून कुरकुरणाऱ्या रहिवासी संघांनी हेही पाहावं की सुया वाटणाऱ्या केंद्रावर जुन्या सुया परतही घेतल्या जातात. वाटपच नसेल तर त्या टाकायच्या कुठे?

6. सुईसोबत औषध हवं, आणि ते जवळ हवं. मुंबईत ‘संकल्प’ ही संस्था 1995 पासून टोचणाऱ्यांमध्ये काम करते आहे: स्वच्छ सुया, जखमांची मलमपट्टी आणि ब्युप्रेनॉर्फिन. ही गोळी जिभेखाली ठेवायची, ती विरघळेपर्यंत परिचारिका समोर बसते, मग तोंड उघडून दाखवायचं. तलफ शमते, सुईची गरज उरत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. फक्त हे रोज करावं लागतं. बेंगळुरूकडे निम्हान्ससारखी संस्था आहे, व्यसनोपचारांचं तिचं नावही मोठं. पण दूरच्या येलहंक्याच्या रंगाऱ्याने तिथे, होसूर रोडला, रोज जायचं तर कामाचा बराच वेळ बसमध्येच जातो, आणि दुसऱ्या आठवड्यात तो येईनासा होतो. गोळी पालिकेच्या दवाखान्यात, सकाळी सातला मिळायला हवी. स्थिरावलेल्या रुग्णाला काही दिवसांच्या गोळ्या घरीही द्याव्यात. 2020 च्या टाळेबंदीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) तशी मुभा दिलीच होती. तेव्हा चाललं ते एरवी का चालू नये, हे आरोग्य खात्याने सांगावं.