दुकान जळाले, मक्तेदार सुटला



लवंगेपासून सुरुवात करतो. इंडोनेशियात लवंग घातलेली सिगारेट गावोगाव ओढतात, म्हणून लवंग हे तिथले नगदी पीक. १९९० च्या दशकात सगळी लवंग एकाच मंडळाला घालायची असा हुकूम निघाला. मंडळाचा प्रमुख कोण? राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंचा मुलगा! एकाधिकार खरेदीत ज्यांचा कापूस राज्याच्या सीमेवर अडवला गेला, त्यांना पुढचे सांगायला नको.

१९९७ साली ही अर्थव्यवस्था कोसळली. कर्ज कोणाचे होते? शेतकऱ्याचे नव्हे. बड्या कंपन्यांनी स्वस्त म्हणून थोड्या मुदतीची डॉलरची कर्जे उचलली, आणि मिळकत मात्र रुपियात. जुलैत डॉलरला सुमारे २,५०० रुपिया पडत होते, जानेवारी १९९८ मध्ये १०,००० च्या पलीकडे गेले. त्यातच दुष्काळ. भात बुडाला, तांदूळ बाहेरून आणायचा तो पडलेल्या रुपियात. (सुलावेसीच्या कोको पिकवणाऱ्याला मात्र त्याच डॉलरने चांगले पैसे दिले. त्याच्या मालावर मक्तेदार बसलेला नव्हता.)

नाणेनिधीने कर्ज दिले, अटी घातल्या. लवंगेची मक्तेदारी मोडा, ही त्यातलीच एक. नाणेनिधीच्या नावाने शिमगा करणाऱ्यांनी हेही सांगावे. पण इंधनावरची सवलत कमी करा, हीसुद्धा अट होतीच. ४ मे १९९८ ला पेट्रोल सुमारे ७० टक्क्यांनी चढले, रॉकेलही महागले.

विद्यार्थी त्याआधीपासून उठले होते. भाव खाली आणा, सुहार्तोंना खाली आणा, एवढेच त्यांचे म्हणणे. १२ मे रोजी जकार्तातल्या त्रिसक्ती विद्यापीठात चार विद्यार्थी गोळ्यांनी मारले गेले. पोरे मोर्चाहून आवारात परतली होती.

पुढचे तीन दिवस विद्यार्थ्यांचे नव्हते. चिनी वंशाच्या लोकांची दुकाने, घरे लुटली, जाळली. बायकांवर बलात्कार झाले. हजारावर माणसे मेली. त्यांत बहुतेक कोण? लुटीच्या गर्दीत मोठ्या दुकानांत शिरलेली आणि आगीत अडकलेली गरिबांचीच पोरे. सरकारने नेमलेल्या शोधसमितीलाही चिथावणी देऊन निघून जाणाऱ्या टोळ्यांच्या खुणा सापडल्या.

त्या दुकानदाराने डॉलरचे कर्ज काढले नव्हते, लवंग लुटली नव्हती. तो हाताशी होता, एवढाच त्याचा गुन्हा. उद्या आपल्या रास्ता रोकोत अनोळखी माणूस पेठेकडे बोट दाखवून पहिला दगड उचलील, तेव्हा त्याला आधी गाव विचारा.

१८ मे ला विद्यार्थी संसदेत शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. २१ मे ला ३२ वर्षांची सत्ता सोडून सुहार्तो गेले. जाळपोळीने त्यांची खुर्ची हलली नाही असे मी म्हणत नाही. पण जाळपोळीचा जाब कुठल्याही बड्या सेनाधिकाऱ्याला कोर्टात द्यावा लागला नाही. सुहार्तोंचे जावई प्रबोवो यांना आंदोलक कार्यकर्त्यांना पळवून नेल्याच्या प्रकरणात १९९८ मध्येच सैन्यातून काढले होते. २०२४ साली ते तिथले राष्ट्राध्यक्ष झाले, निवडून येऊन.