बत्तिशीत डॉक्टर व्हायचे तर...

परवा दवाखान्यात ओळखीच्या एक नर्सबाई आल्या. वय बत्तीस, बारावी सायन्सच्या. "डॉक्टरसाहेब, 'नीट' द्यावी म्हणते. उशीर झाला का?"

नियमाने नाही. कमाल वयाची अट २०२२ मध्ये उठली. पण हिशेब मांडावा. साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप; एम.डी. करायचे तर आणखी तीन. म्हणजे चाळिशी पार! घरी दोन मुले, डोक्यावर कर्ज. म्हणून माझे स्पष्ट मत, स्पेशालिस्ट होण्यामागे न लागता त्यांनी जनरल प्रॅक्टिस करावी. 'नुसता एमबीबीएस' असे लोक म्हणतात (मलाही म्हणतात). पण गडाखालच्या वाडीतून रात्री छातीत दुखते म्हणून येणाऱ्याला आधी तोच भेटतो. आणि दहा वर्षे वॉर्डात काढलेल्या बाईंना पेशंटशी बोलायला शिकवावे लागणार नाही.

रखमाबाई १८८९ साली पंचविशीत लंडनला शिकायला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला बायकांवर उपचार करत राहिल्या. त्या काळी पंचविशी म्हणजे प्रौढ वयच.

बाईंना म्हटले, "आधी फिजिक्सचे पुस्तक उघडून बघा. आणि पुढच्या वेळी यजमानांना बरोबर आणा. हा हिशेब त्यांनीही ऐकायला हवा."